दर्शन निसर्गाच्या मर्जीनुसार

केरळच्या सहलीचं पत्रक कुठल्याही कंपनीचं घ्या, मुन्नारच्या खाली आणि अलेप्पीच्या वर थेक्कडी असतंच. तिथे छापलेलं असतं, 'पेरियार तलावात नौकाविहार व वन्यप्राणीदर्शन'. 'दर्शन'च्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते. तिचा माग काढत पानाच्या तळाशी गेलं, चष्मा बदलला आणि पान उजेडात धरलं, की 'प्राण्यांचे दर्शन निसर्गाच्या मर्जीनुसार' असं वाचता येतं. म्हणजे नाश्ता, टोपी, पाण्याची बाटली, सहलीत कुणाचा वाढदिवस निघाला तर केक, हे सगळं कंपनी देणार; हत्ती तेवढा निसर्ग देणार. विभागणी प्रामाणिक आहे. पण गिऱ्हाइकाने पैसे एकाच खिडकीत भरलेले असतात, त्यामुळे ती त्याला मान्य नसते. हत्ती आला नाही तर तो जाब टूर मॅनेजरलाच विचारणार.

पेरियार म्हणजे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचं, तामिळनाडूच्या सीमेला खेटलेलं ९२५ चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्यात शिरलेला २६ चौरस किलोमीटरचा, जागोजाग फाटे फुटलेला तलाव. १९७८ पासून हा व्याघ्रप्रकल्प आहे आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. प्रकल्प आहे म्हणजे वाघ असणार, वाघ असणार म्हणजे दिसणार, दिसणार म्हणजे साडेसातच्या बोटीला दिसणार, कारण साडेनऊला आपल्याला मसाल्याच्या बागेत जायचंय. वाघ आहेत. जंगलाच्या आत झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांसमोर ते हजेरीही लावतात. बोटीच्या वेळापत्रकाची प्रत मात्र त्यांना कुणी दिलेली नाही.

आमच्या बसमध्ये सोलापूरचे आजी-आजोबा होते, डोंबिवलीच्या दोन सख्ख्या जावा होत्या, नाशिकचे बँकेतून निवृत्त झालेले काका होते, एकमेकांचे फोटो काढण्यापलीकडे केरळशी संबंध न ठेवलेलं नवं जोडपं होतं, आणि नागपूरचे एक भाऊ होते. या भाऊंची ताडोब्याची वर्षाकाठी एक फेरी ठरलेली, त्यामुळे जंगल या विषयावर बसमध्ये शेवटचा शब्द त्यांचा.

"काय सांगू तुम्हाले," मुन्नारहून उतरताना ते प्रत्येक वळणावर सांगत होते, "आमच्या ताडोब्यात वाघ रस्त्यावरच बसून राहते. उठतच नाही लेकाचा. जिप्सीवाल्याले थांबा लागते."

मुन्नार ते थेक्कडी हा रस्ता म्हणजे चहाचे मळे, मग वेलदोड्याचे मळे, मग वळणं, मग पुन्हा वळणं. आवळासुपारी संपेपर्यंत ही सुमारे शंभर वळणं तरी झाली असतील, म्हणजे शंभर वेळा तो ताडोब्याचा वाघ रस्त्यावर बसला. एकदाही उठला नाही.

सकाळी कुमळीहून जंगलाच्या आत जाताना आपली बस बाहेरच ठेवावी लागते. तिथून वनखात्याची बस बोटीच्या धक्क्याजवळ सोडते. बस थांबली रे थांबली की माणसं पळत सुटतात. आमची तिकिटं मॅनेजरच्या खिशात होती, जागाही ठरलेल्या होत्या. तरी सगळे पळाले. डोंबिवलीच्या जावा सर्वांत पुढे. समोर दार दिसलं आणि पाठीमागे गर्दी असली की त्यांचे पाय आपोआप चालू होतात, त्याला त्यांचा इलाज नाही. धाकट्या जावेने धक्क्यावर पोहोचताच पर्स टाकून दोन जागा धरल्या. त्या जागा दुसऱ्याच बोटीत होत्या.

गटसहलीत बसमधल्या सीटा रोज बदलतात, आज पुढे बसलेला उद्या मागे. या पद्धतीची माणसाला इतकी सवय होते की बोटीत शिरल्याबरोबर सोलापूरच्या आजोबांनी विचारलं, "इथं पण फिरती हाय का हो? म्हंजे अर्धा येळ डावीकडं, अर्धा येळ उजवीकडं?" प्रश्न हसण्यावारी नेला गेला. जंगलातलं काय कुठल्या बाजूला उभं राहील याची कंपनीने हमी दिली नव्हती, तेव्हा खरं तर तो त्या सकाळचा सर्वांत समंजस प्रश्न होता.

बोट सुटली आणि नाशिकच्या काकांनी भाव काढले.

त्यांनी कागद काढला नव्हता, पण हिशेब डोक्यात पक्का होता. तिकीट, वनखात्याचं प्रवेशशुल्क, मुन्नारची वळणं आणि पहाटे पाचला उठणं हा झाला खर्च. वसुली प्राण्यांतून करायची. वाघ दिसला तर सगळी सहल फुकट. हत्ती दिसला तर आजचा दिवस वसूल. एक हत्ती बरोबर चार गवे, एक गवा बरोबर तीन सांबरं. रानडुकरं डझनावर, एका डझनाला एक सांबर. माकडं मोजायची नाहीत, ती नाशिकलाही आहेत. पक्षी ही चिल्लर. जो प्राणी झोपलेला दिसेल त्याला निम्मा भाव, जो पाठमोरा दिसेल त्याला पाऊण. हे कोष्टक त्यांनी मोठ्याने सांगितलं नाही, पण गवा म्हणजे काय आणि तो कितीला, हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या बोटीला कळलेलं होतं.

पण मला काकांना नावं ठेवता येत नाहीत, कारण हा तलावच हिशेबातून जन्मलेला आहे. पेरियार नदी मुळात पश्चिमेला वाहणारी, अरबी समुद्राला मिळणारी. डोंगराच्या या बाजूला पाऊस उतू जातो आणि पलीकडे मदुराईकडचा मुलूख कोरडा. इंग्रजांना ही उधळपट्टी बघवेना. मग कर्नल जॉन पेनिक्विक नावाच्या इंजिनियरने नदीला बांध घालून पाणी अडवायचं, डोंगरातून बोगदा खणायचा आणि पाणी उलट दिशेला, पूर्वेला पाठवायचं, असा उद्योग केला. चुना आणि सुरखीचं ते धरण १८८७ ते १८९५ या काळात उभं राहिलं. जमीन त्रावणकोर संस्थानची होती. इंग्रजांनी ती १८८६ साली भाड्याने घेतली : आठ हजार एकर, एकरी वर्षाला पाच रुपये, मुदत ९९९ वर्षं. हजार नाही, ९९९. बाटाच्या चपलेची किंमत ठरवणाऱ्याच डोक्यातून हा आकडा आला असावा अशी मला दाट शंका आहे. करार २८८५ पर्यंत चालायचा आहे.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे पहिल्यांदा काठावरून हटले.

"पाच रुपये कायम?"

"१९७० साली तीस केले."

काकांनी ओठ हलवले. "चौऱ्याऐंशी वर्षांत सहापट. म्हणजे चक्रवाढीने दोन टक्क्यांच्या जरासं वर." मग एक सुस्कारा. "आमची एफडी बरी होती की हो."

आता धरण उभं आहे केरळात आणि त्याची किल्ली आहे तामिळनाडूकडे. पलीकडे थेनी जिल्ह्यातले शेतकरी पेनिक्विकसाहेबाचा फोटो घरात देवाशेजारी लावतात. अलीकडचे लोक धरणाचं वय मोजत पावसाळ्यात जागे राहतात. पाणी किती फुटांपर्यंत चढू द्यायचं याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. २०१४ साली तो १४२ फूट असा लागला, आणि भांडण अर्थातच मिटलं नाही. ज्यांनी सांगली-कोल्हापुरात पावसाळ्यात अलमट्टीचं नाव ऐकलंय त्यांना हे प्रकरण जास्त समजावून सांगावं लागत नाही.

धरण भरलं तेव्हा खोऱ्यातली झाडं उभ्या उभ्या बुडाली. त्यांचे काळे खुंट आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही पाण्याबाहेर डोकं काढून आहेत. बोट त्यांच्यामधून वाट काढत जाते. पाणकावळे आणि तिरंदाज या खुंटांवर पंख पसरून वाळत बसलेले असतात. पेरियारमध्ये बघण्याजोगं जे काही आहे, त्यात मी या खुंटांना फार वरचा नंबर देईन. पण काकांच्या कोष्टकात खुंटाला भावच नव्हता. उलट खुंट हा खोटा पैसा निघाला. कारण धुक्यातून दिसणारा प्रत्येक खुंट पहिली दहा सेकंदं प्राणी असतो.

"हत्ती! हत्तीचं पिल्लू!" थोरल्या जावेने आरोळी ठोकली. सगळ्यांनी मोबाइल उचलले. खुंट.

"ते बघा, अस्वल! पाण्यात उभं आहे!" खुंट.

"मान बघा मान, केवढी लांब, साप आहे पाण्यात!" हा तिरंदाज निघाला. पोहताना त्याचं अंग पाण्याखाली असतं आणि सापासारखी मान तेवढी वर, त्यामुळे ही फसवणूक माफ होती. चिल्लर म्हणून जमा.

असं होता होता बोटीचा विश्वास उडाला. लोक इतके सावध झाले की धाकट्या जावेने काठालगत काहीतरी गुळगुळीत, काळपट, वर आलेलं दाखवलं तेव्हा चारी बाजूंनी एकच उत्तर आलं, "खुंट आहे हो." मग त्या खुंटाने पाण्यात बुडी मारली. मग तो दहा हात पुढे वर आला. त्याच्या तोंडात मासा होता. त्याच्या मागे आणखी दोन खुंट आले, तेही मासे खाऊ लागले. ती पाणमांजरं होती. पेरियारच्या तलावातली पाणमांजरं एकत्र पोहत, काठाकाठाने मासे हाकत शिकार करतात, आणि दिसली तर सगळी करमणूक तिथेच होते. आमच्या बोटीने ती शिकार पाहिली, पण खात्री पटेपर्यंत मोबाइल खिशात गेलेले होते. ज्याचा फोटो नाही ते दिसलं असं कसं म्हणायचं? काकांनी पाणमांजरं हिशेबात धरली नाहीत.

आता हत्ती का नव्हते, ते सांगतो. पेरियारचा हत्ती काठावर येतो तो उन्हाळ्यात. फेब्रुवारीनंतर जंगलातले ओढे आटतात, मार्च-एप्रिलमध्ये पाण्याला तलावाशिवाय जागा उरत नाही, आणि पाणी खाली गेल्यामुळे काठावर कोवळं गवतही येतं. तेव्हा हत्ती येतात, गवे येतात, सांबरं येतात. आमची सहल दिवाळीतली, आणि दिवाळीत यातलं काहीही नसतं. आपल्याकडे पाऊस संपून फटाके सुरू झालेले असतात, पण केरळात तेव्हा परतीचा पाऊस कोसळत असतो. तलाव काठोकाठ, पाणी झाडांच्या बुंध्यांना लागलेलं, रानात प्रत्येक घळीत पाणी. घरात नळ असताना दोन मजली बोटींच्या डिझेल इंजिनांसमोर येऊन पाणी पिण्याची हौस हत्तीला का असावी? म्हणजे ज्या आठवड्यात मराठी शाळांना सुट्टी, त्याच आठवड्यात हत्तीलाही काठावर यायची सुट्टी. आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा तो येऊन उभा राहतो, तेव्हा आपण सिमल्याला असतो. शिक्षण खातं आणि हत्ती यांचं या बाबतीत एकदा बोलणं व्हायला हवं.

एका फाट्यात बोट वळली आणि चालकाने इंजिन मंद केलं. लांब, उतारावर, गवतात काहीतरी राखाडी होतं. हलत होतं. बोटीवरच्या माणसाने हात करून दाखवलं : मादी आणि पिल्लू.

पुढची काही मिनिटं मी हत्तीकडे पाहिलंच नाही. माणसं जास्त बघण्याजोगी होती. नवं जोडपं हत्तीकडे पाठ करून, हत्ती आपल्या दोन डोक्यांच्या मधोमध यावा म्हणून मागे सरकत होतं. आजोबा कानटोपी काढून चक्क हात जोडून उभे राहिले. गणपतीचं नातं आहे म्हणाले. थोरली जाऊ घरी व्हिडिओ कॉल लावायच्या मागे होती आणि जंगलात रेंज नाही म्हणून केरळ सरकारवर रागावली होती. आणि सगळी बोट उजव्या कठड्याकडे सरकायला लागली. त्याबरोबर बोटीवरचा माणूस इतक्या जोरात ओरडला की पिल्लूही दचकलं असेल. सगळे जागच्या जागी बसले.

तो उगाच ओरडला नव्हता. २००९ च्या सप्टेंबरअखेरीस याच तलावात पर्यटकांची दुमजली बोट उलटून चाळीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून इथे जॅकेट बांधल्याशिवाय आणि जागेवर बसल्याशिवाय चालत नाही, आणि त्या बाबतीत बोटीवरची माणसं कुणाचा विनोद ऐकून घेत नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

"सुळे कुठायत?" काकांनी विचारलं.

मादीला नसतात, असं सांगितल्यावर त्यांनी हत्तीचा भाव चार गव्यांवरून अडीचवर आणला. सुळ्यांशिवायच्या हत्तीचा फोटो कपाटावर लावण्याइतका भारदस्त येत नाही, हे त्यांचं म्हणणं बोटीतल्या बहुतेकांना पटलं. नवऱ्या मुलाने तर नंतर मोबाइलवर सुळे लावता येतील का, याची चौकशी केली.

आता हे हसण्यासारखं आहे, आणि मी हसलोही. पण सुळेवाल्या हत्तीचा भाव जास्त, हे बोटीतल्या लोकांच्या आधी चोरांना कळलेलं होतं. गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेरियारच्या जंगलात हस्तिदंतासाठी सुळेवाले नर इतके मारले गेले की शेवटी कळपांमध्ये माद्याच माद्या उरल्या, आणि वयात आलेला नर दिसणं दुर्मीळ झालं. त्याचा परिणाम पुढे पिल्लांच्या संख्येवर झाला. आम्ही जे पिल्लू पाहिलं, ते भाव अडीच गव्यांवर आलेल्या एका मादीचं होतं. ते पिल्लू मात्र काकांनी जमेला धरलं. "हे फ्री," म्हणाले.

तेवढ्यात आजींना जाग आली. आजी बोट सुटल्यापासून झोपलेल्या होत्या. नारिंगी जॅकेट हनुवटीपर्यंत आल्यामुळे मान पडायची सोय नव्हती, त्यामुळे झोप फार चांगली लागली होती, असं त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा बोट वळून परत निघाली होती आणि हत्ती मागे पडले होते. आजींनी मोकळ्या काठाकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटता मिटता म्हणाल्या, "काय की बाई, पिवळं कायतरी हललं बघ तिकडं."

कुणी लक्ष दिलं नाही. पिवळं म्हणजे गवत. नागपूरचे भाऊ तर हसले. "आजी, असा नसते दिसत वाघ. रस्त्यावर बसते तो."

धक्क्यावर उतरलो तेव्हा माकडं वाट बघत होती. त्यातल्या एकाने थोरल्या जावेच्या हातातलं बाकरवडीचं पाकीट ओढलं, झाडावर नेलं, फोडलं, एक बाकरवडी हुंगली, उलटून पाहिली आणि मग खाल्ली. इतकी चिकित्सा मी यापूर्वी फक्त पुण्यात पाहिली होती. आम्ही सगळे माकडाकडे बघत होतो, आणि त्याच्या वरच्या फांदीवर, लालसर तपकिरी अंगाचं आणि अंगापेक्षा लांब शेपटीचं एक शेकरू निवांत फळ कुरतडत होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, "ते बघा, शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी."

वातावरण एकदम बदललं. आतापर्यंत या जंगलात सगळे परके होते. आता आपलं कुणीतरी भेटलं. आजोबांनी "इकडं कसं काय आलं हे?" असं विचारलं, त्यात बदली कधी झाली असा सूर होता. मी सांगितलं की तेच जनावर सह्याद्रीभर आहे, भीमाशंकरचं अभयारण्य तर मुख्यतः त्याच्यासाठीच केलेलं. यावर निम्मी मंडळी म्हणाली, आम्ही भीमाशंकरला कितीतरी वेळा गेलोय, तिथे कुठे दिसलं? साहजिक आहे. भीमाशंकरला माणूस पायऱ्या उतरतो, रांगेत मान खाली घालून उभा राहतो, पिंडीला हात लावतो, वर येऊन ताक पितो आणि पाचच्या आत घाट उतरायला लागतो. मान वर करायचा कार्यक्रम त्यात कुठेच नाही. तो कार्यक्रम करायला त्याला इडुक्की जिल्ह्यापर्यंत यावं लागलं. काकांनी शेकरूला राज्यप्राणी म्हणून सरकारी दर दिला : एक सांबर. शेपटीचे वेगळे नाहीत.

दुपारी मॅनेजरने ज्यांना हवं त्यांच्यासाठी वनखात्याच्या वाटाड्याबरोबर पायी जंगलभ्रमण ठरवलं होतं. पायांना गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे चढवून आम्ही काही जण निघालो. हा प्रकार मात्र मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन. बोटीवर जंगल तुमच्यापासून लांब राहतं, इथे ते पायाला चिकटतं. शब्दशः. धाकट्या जावेच्या मोज्यावर पहिली जळू चढली तेव्हा तिने मारलेली किंकाळी हा पेरियारमधल्या त्या दिवसाचा सर्वांत मोठा आवाज होता, हत्तीसकट.

वाटाड्या फार बोलत नव्हता. एके ठिकाणी वाकून त्याने शेण दाखवलं, बोटाने दाबलं आणि सांगितलं, हत्ती पहाटे इथून गेला. एका बुंध्यावरचे ओरखडे दाखवले. एका झाडाची साल नखाने किंचित खरवडून आमच्या नाकाशी धरली, तर दालचिनी. वायणा म्हणतात तिथे त्या झाडाला, रानदालचिनीच ती. पेरियारच्या वाटाड्यांमध्ये काही जण असे आहेत जे एकेकाळी हीच साल चोरून काढायचे, विकायचे, वनरक्षकांपासून पळायचे आणि कोर्टाच्या तारखा भरायचे. नव्वदच्या दशकात वनखात्याने त्यांच्याशी एक सौदा केला : चोरी सोडा, जंगल राखा, पर्यटकांना जंगल दाखवा, आणि त्यावर पोट भरा. जंगलातल्या चोरवाटा त्यांच्याइतक्या कुणाला माहीत असणार? आज ते बंदूकधारी रक्षकासोबत पर्यटकांना रात्री तंबूत मुक्कामाला नेतात, आणि नवे चोर कुठून येतील हेही त्यांनाच आधी कळतं. सरकारी खात्याच्या डोक्यातून निघालेला इतका शहाणा हिशेब मला दुसरीकडे फारसा आढळलेला नाही. ९९९ वर्षांच्या करारापेक्षा तर हा नक्कीच चांगला.

काका शेणाजवळ बराच वेळ थांबले होते.

"याला काय धरायचं?" त्यांनी मला हळूच विचारलं. "हत्ती दिसला, की नाही दिसला?"

मी म्हटलं, अर्धा धरा. त्यांना ते पटलं.

संध्याकाळी कुमळीच्या बाजारात जावांनी दालचिनी, मिरी, वेलदोडे, जायपत्री आणि हातचं चॉकलेट एवढं घेतलं की बसचा डिकीवाला हवालदिल झाला. कलरीपयट्टूचा खेळ बघितला. तलवारीच्या ठिणग्या उडत होत्या तेव्हा आजी परत झोपल्या. रात्री हॉटेलात आमच्या आचाऱ्याने गरम वरणभात आणि तूप वाढलं, आणि जेवताना मोबाइल एकमेकांकडे फिरले. प्रत्येकाकडे तोच एक फोटो : हिरवा उतार, आणि मध्ये एक राखाडी ठिपका, ज्याभोवती लाल गोल काढलेला. नवऱ्या मुलाने आपल्या फोटोत गोल खडकाभोवती काढला होता. ते लक्षात आलं तेव्हा तो सगळ्या नातेवाइकांना गेलेला होता आणि बेचाळीस लोकांनी हात जोडलेले होते.

मग कुणीतरी आजींना विचारलं, तुम्ही काय पाहिलंत?

"मी कुठं काय बघितलं," आजी म्हणाल्या. "ते पिवळं हललं तेवढंच."

टेबलावर क्षणभर शांतता पसरली. काकांनी पापड खाली ठेवला.

"पिवळं म्हणजे... कसं पिवळं?"

"पिवळं म्हंजे पिवळं."

अलेप्पीच्या हाउसबोटीवर पोहोचेपर्यंत त्या पिवळ्यावर पट्टे आले. धाकट्या जावेला आता आठवत होतं की त्याच वेळी पलीकडची वानरं ओरडली होती. थोरलीला शेपूट दिसल्यासारखं वाटलं होतं, पण खुंटांनी एवढं फसवल्यामुळे ती बोलली नव्हती. नागपूरच्या भाऊंनी जाणकार म्हणून सगळ्यांची उलटतपासणी घेतली, गवत किती उंच होतं, वारा कुठला होता, आणि शेवटी ते म्हणाले, "असू शकते. पाण्याजवळ येते तो. आम्ही पाहून राहिलो न." त्यांनी मान्यता दिल्यावर मग काही प्रश्नच उरला नाही. काकांनी बॅकवॉटरच्या नारळांकडे बघत नवा हिशेब मांडला आणि सहल पूर्ण वसूल झाल्याचं जाहीर केलं.

कोची विमानतळावर सामानाच्या रांगेत माझ्या पुढे दुसऱ्या कंपनीचा मराठी गट होता. पेरियारला त्यांना रानडुकरं सोडून काही दिसलं नव्हतं. आजोबा त्यांना सविस्तर सांगत होते. ऐकता ऐकता त्यांच्यातला एक गृहस्थ माझ्याकडे वळला.

"तुम्हीपण त्याच बोटीत होता? तुम्हालाही दिसला वाघ?"

मी काही बोलायच्या आत काकांनी मला विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूला बसला होतात?"

"डाव्या."

"तरीच," काका त्या गृहस्थांना म्हणाले. "वाघ उजवीकडे होता."